दरवाजे बंद असताना या

येलदरी धरणाचे दरवाजे उघडले की माझा फोन दिवसभर थांबत नाही. परभणी, सेलू, मंठा, हिंगोली, कधीकधी नांदेडहूनही विचारणा होते. किती दरवाजे सोडलेत, गाडी कुठवर जाते, पोलीस अडवतात का. धरणाला दहा दरवाजे आहेत. त्यातले दोन-चार अर्ध्या मीटरनं उचलले तरी सांडव्याखाली पाण्याचे तुषार असे उठतात की ते बघायला माणसांची रीघ लागते. लोक येतात, व्हिडिओ काढतात, गरम भजी खातात आणि तासाभरात परत फिरतात. मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरला गाडी चालवतो आणि पाहुण्यांना हा सगळा मुलूख फिरवून दाखवतो. या गर्दीमुळं माझी भाडी होतात, म्हणून तिच्याविषयी मला तक्रार नाही. पण या रस्त्यावर उमेदीची सगळी वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. दरवाजे उघडे असतात तेव्हा येलदरी सगळ्यात कमी दिसते.

येलदरी ज्या नदीवर आहे ती पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, जालना-बुलढाण्याच्या पठारावरून येते आणि जिंतूर तालुक्याच्या उत्तर कडेला टेकड्यांमध्ये शिरते. या टेकड्या म्हणजे अजिंठ्याचीच पूर्वेकडं उतरत आलेली रांग. तिथंच नदी अडवली. धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. सव्वाचार किलोमीटर लांबीची मातीची भिंत आहे आणि सगळ्यात उंच जागी ती एक्कावन्न मीटर भरते. धरण काठोकाठ भरलं की साठा ९३४ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर होतो. त्यातला ८०९ जिवंत साठा, उरलेला मृत. पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. वीज करून बाहेर पडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांत पोचतं. परभणी शहराच्या नळाला येणारं पाणीही येलदरीचंच. गाडीत बसलेल्या माणसाला हे आकडे मी घरापासून सांगत नाही. भिंत डोळ्यासमोर आली, मान वर करून बघावं लागलं, की मग सांगतो. तेव्हा ते त्याच्या लक्षात राहतात.

आधी मी जिंतूर-येलदरी रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचो. शाळा-कॉलेजची पोरं, बाजारकरी, डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या बायका, तांड्यांवरून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं असा माझा प्रवासी होता. पंधरा किलोमीटरच्या आसपासच्या त्या रस्त्यावर मी हा भाग शिकलो. कोणता ओढा पावसात रस्ता बंद करतो, कुठल्या उतारावर सीताफळं आधी पिकतात, कोणत्या शिवारात रोही हरभरा ठेवत नाहीत, हे सगळं मागच्या बाकावरच्या गप्पांतून कळत गेलं. पुढं जीपची प्रवासी वाहतूक परवडेना. मग औंढा नागनाथला आणि नेमगिरीच्या जैन गुंफांना जाणारी यात्रेकरूंची भाडी घ्यायला लागलो. दर्शन झालं की यात्रेकरू हटकून विचारत, ‘‘दादा, वाटेत आणखी काही बघण्यासारखं आहे का?’’ माझं आजचं काम या एका प्रश्नावर उभं आहे.

दिवसभरासाठी माणूस आला तर मी त्याला सकाळी आधी नेमगिरीला नेतो. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर ही टेकडी आहे. टेकडीच्या पोटात सात गुंफा आहेत आणि त्यात तीर्थंकरांच्या दगडी मूर्ती. गुंफांची दारं इतकी ठेंगणी आणि अरुंद की पाठ वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि आत गेल्यावर मान वर करावी तर पुढ्यात एवढी मोठी मूर्ती, की ती या दारातून आत आणली कशी हा प्रश्न लहान पोरंसुद्धा विचारतात. पार्श्वनाथांची मूर्ती तर एका लहानशा दगडावर टेकलेली आहे. एवढं वजन त्या टिचभर आधारावर उभं आहे, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. शेवटच्या गुंफेत बाहुबली आहेत. जैन यात्रेकरू दुरून येतात, धर्मशाळेत उतरतात, शांतपणे पूजा करतात. जिंतूर-परभणीची बाकी माणसं मात्र इथं क्वचितच दिसतात. तीन किलोमीटरवर राहून नेमगिरी न पाहिलेली पुष्कळ माणसं मला माहीत आहेत. टेकडीवर चढून उभं राहिलं की खाली जिंतूर, पलीकडं पळसाची आणि सागाची टेकाडं आणि स्वच्छ हवेच्या दिवशी लांबवर पसरलेला मुलूख दिसतो. हे दृश्य बघायला तिकीट नाही आणि रांगही नाही.

तिथून मंठ्याच्या रस्त्यानं चारठाणा. या गावाविषयी मी थांबून बोलणार आहे, कारण ते तसं बोलण्याजोगं आहे. यादवकाळातल्या मंदिरांचं हे गाव. गोकुळेश्वराचं मंदिर आणि त्याच्या लगतची पायऱ्यांची बारव, उकंडेश्वर, नृसिंहतीर्थ, खुराची आई, जोड महादेव, आणि गावात उभा असलेला उंच कोरीव दगडी स्तंभ. त्याला कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ. हे सगळं लोकांच्या घरांमध्ये, गोठ्यांमध्ये, बोळांमध्ये मिसळून गेलेलं आहे. एका घराच्या ओट्याला कोरीव दगड लागलेला दिसतो, दुसऱ्याच्या दाराशी मोडलेल्या मूर्तीला शेंदूर लावलेला असतो. शहरातून आलेले पाहुणे इथं हळहळतात, ‘‘एवढी दुर्दशा!’’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. सात-आठशे वर्षं त्या दगडांची सोबत याच गावानं केली आहे, शेंदूर लावून का होईना. बाहेरच्यांनी फक्त एवढं करावं, की पायऱ्यांवर बाटल्या टाकू नयेत. बारवेच्या तळाशी बसलं तर भर उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. दगड कापून पाण्यापर्यंत उतरण्याची वाट करणाऱ्या माणसांना पाण्याचं मोल किती कळत होतं, हे सांगायला तिथं कुणा गाइडची गरज पडत नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी स्वतः गाळ उपसून मोकळी केली. ज्यांना दुसरा दिवस देता येतो त्यांना मी तीही दाखवतो.

औंढा नागनाथविषयी इथं फार लिहीत नाही, कारण तिथं माणसं माझ्याशिवायही पोचतात. ज्योतिर्लिंग आहे, अहिल्याबाई होळकरांनी वरचा भाग नव्यानं बांधून दिला, नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा आहे आणि तिला साक्ष म्हणून नंदी मागच्या बाजूला. याच औंढ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २६०० कोटींचा खर्च मंजूर केला. नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या औंढ्यात आता भौतिकशास्त्राचे विद्यार्थीही येणार, याचा मला फार आनंद आहे.

दुपारची भाकरी खाऊन, ऊन तिरपं झालं की येलदरी. हिवाळ्यात आलात तर पाण्यावर चक्रवाक दिसतात. केशरी अंगाची ही बदकं जोडी-जोडीनं फिरतात. लडाख, तिबेट, मध्य आशियातून ती इथं थंडी काढायला येतात. काठच्या चिखलात शेकाटे लांब लाल पायांनी चालत असतात. बुडालेल्या झाडांच्या ठुंठांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात. उन्हाळ्याकडं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरयाची लगबग सुरू होते. फुगवटा पार सेनगावच्या बाजूला पसरलेला आहे. शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी आणि भोवती कुठं टेकडी, कुठं सपाट शेत.

धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. मी पाहुण्यांना काठाकाठानं नेतो, जिथं मासेमारी करणारी माणसं भेटतात. होडीपेक्षा थर्माकोलचा तराफा इथं जास्त दिसतो. त्यावर एकच माणूस बसतो, हातातल्या फळकुटानं वल्हवत जातो आणि जाळं टाकून येतो. रोहू, कटला, चिलापी, नशीब असेल तर मरळ किंवा वाम. एका भोई मामांशी माझी जुनी ओळख आहे. पाहुणे त्यांना हमखास विचारतात, ‘‘भीती नाही वाटत?’’ मामा सांगतात, ‘‘पाण्याची न्हाई वाटत, वाऱ्याची वाटते. वारा सुटला की म्या निघतच न्हाई.’’ काठावर उभं राहून पाणी गुळगुळीत दिसतं, पण एवढ्या मोकळ्या विस्तारावर वारा लाटा उठवतो आणि तराफा उलटायला वेळ लागत नाही. मामांचं हे एक वाक्य कोणत्याही माहितीफलकापेक्षा जास्त शिकवून जातं. म्हणूनच मी पाहुण्यांना पाण्यात उतरू देत नाही. काठाला रचलेल्या पिचिंगच्या दगडांवर शेवाळ असतं, पुढच्याच पावलाला खोली वाढते आणि तळाशी गाळ असतो, पाय रुतला तर निघत नाही. पट्टीचे पोहणारे असतील त्यांनाही माझं हेच सांगणं असतं. कुणी रुसलं तर रुसू दे.

पाणी जसं मागं सरतं तशी मागोमाग शेती येते. तिला गाळपेर म्हणतात. ओसरत्या पाण्याच्या ओल्या गाळात हरभरा, टरबूज, काकडी घेतात. पावसाळ्यात जिथं पाणी होतं तिथं फाल्गुनात टरबुजाचे वेल पसरलेले असतात. शहरातल्या मुलांना हे दाखवताना मला फार बरं वाटतं. धरणाचं पाणी आकड्यांतून कळत नाही, असं सरकत जाताना कळतं. कोरड्या वर्षांत तर ते सरकतच राहतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा मराठवाड्यातली धरणं तळाला गेली होती आणि येलदरीही त्यातच. तेव्हा इथं पाहायला कुणी येत नव्हतं. मी मात्र रिकामी गाडी घेऊन जायचो. भेगाळलेला गाळ, आणि मधून पूर्णेची जुनी वाट. धरण होण्याआधी नदी नेमकी कुठून वळत होती ते त्या वर्षी दिसलं. अशा वर्षांत कुणी येलदरी बघायला आलं, तर मी त्याच्याकडून निम्मंच भाडं घेईन.

एकदा ग्रेनोबलला नोकरी करणारा एक मुलगा आई-वडिलांना घेऊन औंढ्याच्या दर्शनाला आला होता. मूळचा आमच्याच तालुक्यातला. सिद्धेश्वरहून येलदरीकडं येताना तो बोलू लागला. फ्रान्सच्या आल्प्स डोंगरात सेर-पाँसाँ नावाचा तलाव आहे, द्युराँस नदीवर धरण बांधून झालेला. १९६१ मध्ये तो भरला, म्हणजे आपल्या येलदरीच्याच पिढीचा. भिंत तीही मातीचीच, पण १२३ मीटर उंच, आणि साठा १२७० दलघमी. विस्तार मात्र आपल्या मानानं लहान, अठ्ठावीस चौरस किलोमीटर. तिथं दरी खोल, आपल्याकडं पाणी पसरट. त्या तलावासाठी साव्हीन आणि उबाय ही गावं बुडाली. साव्हीन नव्यानं काठावर वसवलं. एका टेकाडावरचं छोटं प्रार्थनाघर पाण्याबाहेर राहिलं, ते आता बेटावर उभं आहे. आज उन्हाळ्यात तिथं शिडाच्या होड्या, पोहायला आखून दिलेल्या जागा, डोंगरातल्या पायवाटा आणि राहायला जागा मिळू नये एवढी गर्दी. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. निळं पाणी, मागं बर्फाचे डोंगर. त्याच्या आईनं विचारलं, ‘‘मग आपलं येलदरी त्याच्यापुढं काय रे?’’

तो लगेच काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘आई, तिथं धरणाच्या वर एक संग्रहालय आहे. धरण कसं बांधलं आणि कोणती गावं गेली, हे सगळं तिथं दाखवतात. शाळेच्या सहली येतात. आपल्याकडं एवढंच नाही.’’

बर्फ आपल्याकडं पडणार नाही आणि त्याची काही खंतही नाही. माघातल्या संध्याकाळी पळसाच्या टेकड्यांमागं सूर्य कलताना येलदरीचं पाणी जे दिसतं, त्याला कोणत्याही डोंगराची उसनवारी लागत नाही. पण त्या मुलाचं दुसरं बोलणं मनात राहिलं. ते किती खरं आहे हे मला एका आजींनी दाखवलं.

आजी मुंबईहून मुलाबरोबर आल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढं. त्यांचं माहेर या धरणात गेलेलं. धरणाचं काम चालू होतं तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. मग लग्न होऊन लांब गेल्या, इकडं येणं झालंच नाही. मुलानं मला फोनवर सांगितलं होतं, ‘‘आईला फक्त तिचं गाव जिथं होतं ती जागा बघायची आहे.’’ वैशाखाचे दिवस होते. पाणी बरंच मागं गेलेलं. मी गाडी सेनगावच्या बाजूच्या काठावर नेली. पायी जाता येईल तिथवर गेलो. आजी खूप वेळ इकडं-तिकडं बघत राहिल्या. झाडं ओळखीची नव्हती, रस्ता ओळखीचा नव्हता. मग पलीकडच्या एका सपाट माथ्याच्या टेकडीकडं बोट करून त्या म्हणाल्या, ‘‘ही. ही आमच्या मळ्यातून अशीच दिसायची. गाव हिच्या डाव्या हाताला. मारुतीचं देऊळ नदीच्या अंगाला.’’ त्या हाताच्या इशाऱ्यानं एकेक जागा सांगत गेल्या. कुणाचा वाडा, कुणाची विहीर, पोळ्याला बैल कुठून निघायचे. आमच्या समोर नुसतं पाणी होतं, आणि त्यांना त्यावर गाव दिसत होतं.

पिशवीतून त्यांनी खण आणि नारळ काढला आणि पूर्णेची ओटी भरली. मला वाटलं होतं, त्या नदीवर रागावलेल्या असतील. त्या म्हणाल्या, ‘‘नदीचा काय दोष, लेकरा. पाणी तर पार परभणीपातूर गेलं ना? आमच्या जमिनी गेल्या तवा लोकांची पिकं आली.’’ परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, ‘‘इथं कुठं लिहून ठेवलंय का रे आमच्या गावाचं नाव?’’ मी म्हणालो, ‘‘माझ्या बघण्यात तरी नाही, आजी.’’ त्या पुढं काही बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून मी पाहुण्यांना धरण दाखवताना आधी पाण्याखालचा भाग सांगतो. जुन्या माणसांकडून ऐकलेली गावांची नावं, कुठं वाडी होती, कुठं बाजार भरायचा, लोक उठून कुठं गेले. मगच भिंतीची उंची, मेगावॅट आणि दरवाजे. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. फोटो काढायचा हात थोडा खाली येतो. एकदा एका शाळेच्या सहलीतल्या मुलीनं विचारलं, ‘‘काका, मग आमच्या घरी जे पाणी येतं ते या गावांवरून येतं का?’’ हो बाळा, त्याच गावांवरून येतं.

येलदरीत पर्यटन वाढवायचं असं अधूनमधून बोललं जातं. वाढावं, माझं तर पोट त्यावर आहे. पण माझ्या अनुभवात पाहुण्याला लागणाऱ्या गोष्टी साध्या असतात. बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह, दुपारी टेकायला सावली, पाण्याच्या कडेला धोक्याची खूण आणि कठडा, मासे तळून देणाऱ्या मावशीला बसायला पक्की जागा, आणि नेमगिरी, चारठाणा, येलदरी, सिद्धेश्वर, औंढा ही ठिकाणं एका दिवसात कशी जोडायची हे सांगणारा एक साधा नकाशा. काचेचा पूल आणि रंगीत कारंजी नंतर बघू.

तुम्ही येणार असाल तर पौष-माघात या. रेल्वेनं परभणी किंवा सेलूला उतरा, तिथून जिंतूर. एक रात्र राहा, शेतावर हुरडा मिळतो, गरम भाकरी मिळते. चारठाण्याला सकाळ द्या, येलदरीला संध्याकाळ. पाण्यात उतरू नका. काठावर जो भेटेल त्याला दोन प्रश्न विचारा, तो वीस गोष्टी सांगेल.

आणि ज्यांच्या घराण्यातलं गाव येलदरीच्या किंवा सिद्धेश्वरच्या पाण्यात गेलं आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घरातली जुनी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून गावाचं नाव, देवळांची नावं, आळ्या, विहिरी, शेतांची नावं एका वहीत लिहून घ्या. एखादा फोटो, जुना सातबारा असेल तर त्याची प्रत काढून ठेवा. एक प्रत जिंतूरला आणून दिलीत तर मी ती जपून ठेवीन, आणि पुढच्या पाहुण्यांना तुमचं गाव दाखवीन.